आकडा

हॅलिफॅक्सच्या जुन्या गालिचा-गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो.
तळमजल्यावर धुलाई.
सात इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, हिरवे झगे
रात्रभर वाफेत.
जमीन किंचित थरथरते, चहात वर्तुळं उठतात.

आधी इथे एकच प्रोग्रॅम होता, चौदा वर्षं वाढलेला.
डाग मोजायचा तोच, बिलं काढायचा तोच,
ट्रकला रस्ता सांगायचा तोच.
इकडे एक स्वल्पविराम हलवला
की तिकडे बाळंतिणींच्या वॉर्डातली दुपटी गायब.
मी त्याला थोरला म्हणायचे.
इफ्फतला वाटायचं, हा थॉरचा कुणी चुलत भाऊ.

मग वाटणी ठरली.
फळ्यावर रेघा मारताना पहिला आठवडा
एकाच शब्दावर गेला: चादर.
धुलाईला ती वजन,
हिशेबाला चौतीस पेन्स,
वॉर्डाला एक तयार खाट.
जिथे शब्दाचा अर्थ बदलतो तिथे भिंत घाल, मी म्हटलं,
आणि स्वतःवरच खूश झाले.

अकरा सेवा झाल्या. अकरा चुली.
मिठाची बरणी तेवढी सामायिक राहिली,
एकच डेटाबेस.
घाई होती. नंतर करू म्हटलं.

फेब्रुवारी, मंगळवार, पहाटे तीन चाळीस.
डागांची नोंद ठेवणारी सेवा,
सगळ्यांत धाकटी, जिला कधी कुणी विचारलं नाही,
बरणी कवटाळून बसली.
बिलं तिच्यासाठी खोळंबली, पत्ते बिलांसाठी,
ट्रक पत्त्यांसाठी.
थोरला निदान एकटा पडायचा.

सॉवर्बी ब्रिजहून गाडी हाणत आले,
नाइटड्रेसवर कोट, काखेत लॅपटॉप.
खाली डोरीन हेपवर्थ ट्रॉल्यांवर खडूने लिहीत होती.
"तुमचं ते बसलंय ना? बसू दे."

प्रत्येक ट्रॉलीची चिठ्ठी: कुठे, किती, केव्हा निघाली.
एक ड्रायव्हरच्या खिशात,
एक भिंतीवरच्या लोखंडी आकड्याला.
"आणि डाग?"
"डाग कुठे पळून जातायत? उजाडल्यावर मोजू."
"एकच चिठ्ठी दोनदा नोंदली गेली तर?"
तिने कोपऱ्यातला छापील नंबर दाखवला.
"हा आधी आला असेल तर दुसरी फाडायची.
इतकं शिकलीस, आणि हे विचारतेस?"

साडेचारला पहिला ट्रक निघाला, गारठ्यात, वेळेवर.
वर अकरा सेवा अजून एकमेकींचं तोंड बघत होत्या.
मी आकड्यापाशी उभी.
माझ्या भाषेत हुक आणि संख्या, दोन्हीला हाच शब्द,
हे मला त्या पहाटेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

पुढचे तीन महिने:
जिचं मीठ तिच्या घरात.
मधे एक आकडा. निरोप अडकवायचा, निघायचं,
उत्तरासाठी दारात ताटकळायचं नाही.
विचारावंच लागलं तर दोन सेकंद थांबायचं,
मग जे हाती आहे त्यावर भागवायचं.
बिलं आणि दर पुन्हा एकत्र आणले.
त्यांना वेगळं काढलं होतं ते
फळ्यावर जागा उरली होती म्हणून.
हे मी अहवालात लिहिलं नाही. इथे लिहिते.

मे महिन्यात डोरीनला वर बोलावलं.
नवा आराखडा दाखवला,
चौकोन, बाण, मधोमध तिचा आकडा.
चष्मा कपाळावर सरकवून तिने बराच वेळ पाहिलं.
"छान आहे," म्हणाली. "अडकवणारे पुष्कळ दिसतात.
रविवारी रिकामा कोण करतं?"

इफ्फतने माझ्याकडे बघितलं.
मी खडू शोधायला लागले.
खालून वाफेचा भोंगा झाला,
चहा हलला.